पहिल्या रातीची भाकर

किसनरावांनी खांद्यावरची दस्ती डोक्यावरून घेतली, तिचं टोक नाकावरून ओढून कानामागे खोचलं आणि मगच ते रांगेत उभे राहिले. तिथे ना धूळ होती ना ऊन. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात पंखे गरगरत होते. पण ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ही धास्ती त्यांनी पहाटेपासून सोबत आणली होती. खरं तर औंढ्याचा दवाखाना त्यांना जवळ पडला असता. पण औंढ्यात पावलापावलाला सोयरेधायरे. किसनराव सरकारी रांगेत फुकटच्या औषधासाठी उभे आहेत, ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली असती. म्हणून ते उपाशीपोटी थेट हिंगोलीला आले होते. माणसानं लाजावं तरी किती, याला काही धरबंध नसतो.

साखर त्यांना जुनीच होती. खासगी डॉक्टरच्या गोळ्या महाग होत गेल्या तसे ते त्या दिवसाआड घेऊ लागले, पुढे आठवण झाली तर. अगदी हातावर पोट होतं असं नाही. वावर होतं, ते ठोक्यानं दिलेलं होतं. पण ठोक्याचे पैसे वर्षातून एकदा येत आणि आल्या वाटेनं जात. एकुलता मुलगा बालाजी पुण्याला. मागितले की तो पाठवी, नाही कधी म्हटलं नाही. पण मागावे लागत. "मागच्या महिन्यात केले होते ना, बाबा?" असं तो अगदी सरळ मनानं विचारी, आणि किसनरावांच्या तोंडचं पाणी पळे. त्यापेक्षा साखर वाढलेली परवडली, असं त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं.

साखर त्यांच्या ठरवण्यानं चालणारी नव्हती. पायाला काटा लागला, त्याची जखम भरेना. शेवटी जवळा बाजारच्या औषधाच्या दुकानातल्या भीमसिंगनंच त्यांना बाजूला घेतलं होतं.

"मालक, जिल्ह्याला जा. सरकारी दवाखान्यात साखरेची वेगळी खोली हाय. तपासणी, गोळ्या, इंजेक्शन, समदं फुकट. माझं गिऱ्हाईक तुटून राहिलं, पण तुमचा पाय वाचंल."

रांग पुढे सरकली. खोलीच्या दाराशी टेबल टाकून एक सिस्टर बसल्या होत्या. रागिणी सिस्टर, सगळे त्यांना नावानंच हाक मारत होते. त्यांच्यासमोर एक म्हातारी उभी होती. हिरवं जाडंभरडं लुगडं, हातात चांदीची कडी आणि काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं बोळकं.

"पेशंट कुठंय, आजी? दर महिन्याला तुम्हीच येता. रक्त काय तुमचं तपासू?"

"त्ये रानात हायत, बाई. मेंढरं कुणावर सोडून येतील?"

"पुढच्या खेपेला मसाजी स्वतः आले पाहिजेत. आता पंधरा दिवसांचंच देते. खिडकीवर थांबा, फ्रिजमधून काढून देतील."

मसाजी हे नाव कानावर पडलं आणि किसनरावांनी झटकन तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीवर डासांचं चित्र होतं. ते त्यांनी इतक्या मन लावून पाहिलं की पाहणाऱ्याला वाटावं, हे डासांसाठीच आले आहेत.

मसाजीची मेंढरं पूर्वी दर उन्हाळ्यात त्यांच्या वावरात बसत. पिकं निघाली की मसाजी येऊन बांधावर उकिडवा बसायचा, आणि किती राती मेंढरांचा वाडा बसवायचा ते ठरायचं. रात्रभर मेंढरं वावरात बसली की लेंडीखत आपोआप पडतं. त्याबदल्यात ज्वारी ठरलेली. पण त्याआधी एक रीत होती. पहिल्या रातीची भाकर वाड्यावर जायची ती वावराच्या धन्याच्या घरून. सखुबाई, किसनरावांची बायको, दुपारपासूनच चुलीपुढे बसायच्या. टोपलंभर भाकरी, पिठलं, ठेचा, वर कांदे. मेंढपाळांची माणसं जेवल्याशिवाय त्या रात्री किसनरावांच्या घरात ताट वाढलं जात नसे.

सखुबाई गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मसाजी नेहमीसारखा बांधावर येऊन बसला, तेव्हा किसनरावांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "यंदा इंग्रजी खत टाकलं. मेंढरं लागत न्हाईत." मसाजी बरं म्हणाला, काठी उचलून निघून गेला. त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही.

म्हातारीनं बोळकं सांभाळत बाकड्याचा कोपरा धरला. तिनं आपल्याला पाहिलं नाही, अशी स्वतःची समजूत घालून किसनराव पुढे सरकले.

रक्त दिलं. कागद घेऊन आत गेले. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत, नुसते कागदाकडे बघत राहिले. गोळ्यांनी आता भागायचं नाही, म्हणाले. दोन वेळा इन्शुलिन. सगळं इथूनच मिळेल, दर महिन्याला यायचं, पैशाची काळजी करू नका. किसनरावांचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं तर आपण एवढे महिने कशाला कुढत बसलो, असं वाटून त्यांनी दस्ती नाकाखाली घेतली.

रागिणी सिस्टरांनी कागद हातात घेतला आणि नजर वर केली.

"सोबत कोण आहे, काका?"

"सोबत? कोणी न्हाई. मी आलो की."

"तसं नाही. इन्शुलिन पहिल्यांदाच चालू करतोय. घरातल्या एका माणसाला मी शिकवते. सुई घेतली आणि जेवण चुकलं तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस काहीबाही बोलायला लागतो. त्या वेळी तोंडात साखर घालणारं कोणी पाहिजे. घरी कोण असतं?"

"पोरगा हाय," किसनराव म्हणाले.

खोटं नव्हतं. पोरगा होताच.

"मग बोलवून घ्या त्याला. मी दुपारी दोनपर्यंत आहे."

ते व्हरांड्यात आले. पुण्याहून दोनपर्यंत कोणी येत नसतं हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी फोन लावला. बुडत्याला काय, हात मारून बघायचं.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?"

"न्हाई."

"मग संध्याकाळी करतो."

फोन बंद झाला. किसनरावांनी तो कानावरून काढला नाही. बाकड्यावर माणसं होती, त्यांच्यासमोर एवढ्यात फोन खाली घेणं बरं दिसेना. "व्हय," ते म्हणाले. थोडं थांबले. "व्हय, व्हय. बराबर हाय. ये मंग सावकाश." आणि मान हलवत त्यांनी फोन खिशात टाकला. तेव्हा त्यांना दिसलं की बाकड्याच्या कोपऱ्यातून म्हातारी त्यांच्याकडेच बघत होती. तिनं लगेच नजर बोळक्याकडे वळवली आणि त्यावरचं फडकं उगाच सारखं केलं.

ते टेबलाशी परत गेले.

"येतोय का?"

"उशीर व्हईल म्हणतो."

"मग उद्या दोघं मिळून या. घरात बघणारं माणूस नाही आणि हातात सुई देऊन पाठवायचं, असं मला नाही करता येत. तुम्हाला काही झालं तर?" सिस्टरांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे भांडताही येईना. "मुलगा नाही तर शेजारी आणा. कोणीही चालेल, पण माणूस पाहिजे."

किसनराव कागद घडी करू लागले. शेजारी पुंजाजी होता. त्याला आणलं असतं तर गावभर झालं असतं. आणि तेवढंच असतं तर एक वेळ पत्करलंही असतं. पण पुंजाजीला म्हणायचं काय? माझ्याजवळ कोणी नाही, तू चल? पैसे मागताना जीभ जड व्हायची, पण निदान हलायची तरी. हे मागायला त्यांची जीभ उचलेना. पैशांवाचून मिळणारं औषध टेबलावर ठेवलेलं होतं, आणि ते रिकाम्या हातानं परत निघाले होते. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

"सिस्टर," मागून आवाज आला. "मला शिकवा. मी हाय मालकासंगं."

म्हातारी उठून आली होती. बोळकं काखेत तसंच.

सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही ओळखता यांना?"

"त्येंच्या वावरात आमची मेंढरं बसत."

"हे नातं कसं होईल, आजी?"

"मंग ह्याला काय म्हणत्यात?"

सिस्टरांनी पेन उघडलं आणि किसनरावांना विचारलं, "यांचं नाव काय?"

किसनरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. इतके उन्हाळे या बाईनं त्यांच्या वावरात चूल मांडली होती. तिच्या कडेवर पोर असताना त्यांनी तिला पाहिलं होतं, ते पोर मेंढरं राखू लागलेलंही पाहिलं होतं. मसाजीची बायको, यापलीकडे तिला काही नाव असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"सत्यभामाबाई," तीच म्हणाली. जणू त्यांना घशाची तकलीफ होती आणि म्हणून ती बोलत होती.

"पण आजी, तुम्ही रानात आणि हे घरी. तुम्हाला कळणार कसं?"

"फोन हाय की." तिनं कमरेच्या पिशवीतून बटनांचा फोन काढला. "सुई घेऊन जेवले की मालक मला मिस कॉल देतील. मी उचलणार न्हाई. मिस कॉल न्हाई आला तर मी लावीन. त्येनी न्हाई उचलला तर शेजाऱ्याला लावीन. शेजारी कोण हाय, मालक?"

"पुंजाजी," किसनराव म्हणाले, आणि मुकाट्यानं नंबर दिला.

सिस्टरांनी तो लिहून घेतला आणि सगळे नंबर दोघांच्याही फोनमध्ये घालून दिले. अजून त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. शेवटी त्यांनी पायानं स्टूल पुढे ढकललं. "बसा. दोघंही बसा. आणि काका, त्या पुंजाजींच्या कानावर आजच घाला. त्यांना पुढच्या खेपेला मला भेटवा."

कुपी तळहातांत कशी फिरवायची, औषध किती ओढायचं, बुडबुडा कसा काढायचा, पोटावर सुई कुठे टोचायची. सत्यभामाबाईला हे नवं नव्हतं, तरी पहिल्यांदाच ऐकतेय अशा मुद्रेनं तिनं ऐकलं. किसनरावांचा बुडबुडा लवकर निघेना. सुई गेली तेव्हा वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

"आता अर्ध्या तासात जेवायचं. डबा आणलाय?"

डबा नव्हता. बाहेर जाऊन काहीतरी खाईन, असं ते पुटपुटले. सिस्टर म्हणाल्या, इथंच, माझ्या डोळ्यांदेखत. तेवढ्यात सत्यभामाबाईनं व्हरांड्याच्या टोकाला खाली बसून शिदोरीची गाठ सोडलीही होती. ज्वारीच्या भाकरी, लाल ठेचा, कांदा.

किसनराव तिच्यासमोर मांडी घालून बसले. मेंढपाळांच्या वाड्यावर ते शंभरदा जाऊन आले होते, पण तिथे बसले कधी नव्हते. भाकर घरून पाठवायची, जेवले का म्हणून लांबूनच विचारायचं आणि माघारी फिरायचं. तिनं भाकरीवर ठेचा ठेवून ती त्यांच्या हातात दिली.

"खा, मालक. पहिली रात समजा."

ठेचा तिखट होता, त्यामुळे डोळे पुसायला हरकत नव्हती.

"त्या साली म्या खत टाकलं न्हवतं," ते खाली बघत म्हणाले.

"ठावं हाय."

"कसं?"

"वावर पाहून कळत न्हाई व्हय? बिनखताचं वावर लांबून वळखू येतं."

"मंग मसाजी काहून बोलला न्हाई?"

"काय बोलायचं?" तिनं कांदा मुठीनं फोडला. "वहिनी गेल्या, चूल थंड पडली, हे त्येंला का ठावं न्हवतं? त्ये म्हनले, मालकाला भाकरीची लाज वाटून राहिली. आपून पुना इचारलं तर त्येंला पुना खोटं बोलावं लागंल. म्हून न्हाई आलो."

किसनरावांनी पुढचा घास मोडला. ती त्यांच्या हाताकडे बघत होती, सिस्टरांनी सांगितलं होतं म्हणून की काय कोण जाणे. दुसरी भाकर अर्धी उरली तेव्हा ते थांबले.

"खा की. सोडू नका."

त्यांनी ती संपवली. इतकं लक्ष देऊन त्यांचं जेवण कोणी पाहिलं, त्याला बरेच दिवस झाले होते.

खिडकीवरून किसनरावांची कुपी आणि सुया आल्या, मग तिची कुपी आली. तिनं ती बोळक्यातल्या ओल्या वाळूत रोवली आणि वर फडकं बांधलं. वाडा सध्या कनेरगाव नाक्याच्या शिवारात होता. बस स्टँडपर्यंत दोघं एकामागे एक चालत गेले, ती पुढे, ते मागे. वाशीमकडे जाणारी बस लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली आणि बस हलताना म्हणाली, "चैतात येतो. भाकर आमी करू. तुमी निस्तं खायाला या."

त्यांनी हात वर केला, पण तोवर बस वळली होती. दस्ती खांद्यावर आहे, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. स्टँडवर ओळखीचं कोणी होतं की नाही, ते त्यांनी पाहिलंही नव्हतं.

गावात पोचल्यावर ते पुंजाजीच्या ओट्याशी थांबले. पुंजाजी दोर वळत बसला होता.

"सुई लागली मला. साखरेची," किसनराव म्हणाले. "रातच्याला फोन बिन आला तर जरा येऊन पाहत जा."

"काहून न्हाई," पुंजाजी म्हणाला आणि दोर वळत राहिला. एवढंच.

घर होतं तसंच होतं. दार उघडलं की आतून जो वास यायचा तो आला, कोंडलेल्या हवेचा. कुपी त्यांनी बालाजीनं घेऊन दिलेल्या फ्रिजमध्ये ठेवली. आत पाण्याची बाटली होती आणि लोणचं. दिवा लागल्यावर त्यांनी पीठ मळलं. भाकर थापता थापता एका बाजूनं फाटली, तव्यावर तिला नकाशासारखे काठ आले. डाळ कालचीच ऊन केली. साखरेचा डबा हाताशी ठेवला. मग कुपी हातात घेऊन हळूहळू फिरवली, औषध ओढलं, आणि या खेपेला बुडबुडा पहिल्याच टिचकीत निघाला.

ताट पुढे घेतलं आणि फोन वाजला.

बालाजीचा फोन किसनराव कधी दुसऱ्यांदा वाजू देत नसत. हात खरकटा असो की अंघोळीचा तांब्या डोक्यावर असो, पहिल्याच घंटीला उचलत. एकदा सुटला की पुन्हा तो कधी मोकळा होईल याचा नेम नसे. आताही त्यांनी लगेच उचलला.

"बाबा, दुपारी फोन केला होता ना? काय काम होतं? पैसे पाठवू का?"

एवढ्या महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदाच न मागता आलं होतं. किसनरावांनी ते ऐकून घेतलं. समोर भाकरीची वाफ विरत चालली होती.

"न्हाई, पैसे न्हाई लागत. औषध फुकट भेटलं."

"मग? कशासाठी केला होता?"

"असाच." त्यांनी ताटाकडे पाहिलं. "बालाजी, मी जेवून लावतो तुला. सुई घेतलीय."

"दोनच मिनिटं बोला ना, बाबा. नंतर मला कॉल आहे."

"न्हाई, बाळा. आधी जेवतो. तिकडं वाट पाहून राहिले."

"कोण?"

पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता. भाकर जाड झाली होती, काठाशी करपली होती. त्यांनी ती सगळी खाल्ली, फाटलेला तुकडासुद्धा. मग चष्मा लावून नंबर काढला. पलीकडे दोनदा घंटी वाजली, तशी त्यांनी फोन बंद केला आणि ताटाशेजारी ठेवला.

थोडा वेळ ते तसेच बसून राहिले. फोन वाजला नाही. ठरलंच होतं तसं. किसनराव हात धुवायला उठले.